बारबेल रो: कंबर का धरते आणि पाठीला का लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, दिवसभर खुर्चीत बसून काम, वर्षभरापासून जिम. बारबेल रो (वाकून उभं राहून वजनाचा रॉड पोटाकडे ओढायचा व्यायाम) ५० किलोवर पोचला आहे, दहा-दहा रेपचे चार सेट; रॉड एकदा वर-खाली झाला की एक रेप. पण पाठीत, म्हणजे विंग्जमध्ये, काहीच जाणवत नाही. दमतात ते दंड आणि मनगटं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर धरलेली असते. ट्रेनर 'पाठ सरळ ठेवा' एवढं म्हणून पुढच्या माणसाकडे जातो. तर पकड उलटी करू की सुलटी, बेल्ट घेऊ का, की हा प्रकार सोडून मशीनवर बसू?

पकड, बेल्ट, मशीन या तिन्हींवर बोलतो, पण नंतर. तुमची अडचण त्याच्या अलीकडे आहे. तुम्ही रो ओढायला शिकलात, त्यासाठी उभं राहायला शिकला नाहीत. हे शिकवणाऱ्याचंही अपयश आहे, कारण बहुतेक जिममध्ये हा व्यायाम हातापासून सुरू करून शिकवतात. तो पायापासून शिकवायला हवा.

या व्यायामात पाठीवर एकाच वेळी दोन कामं पडतात. कण्याच्या दोन्ही बाजूंनी कंबरेपासून मानेपर्यंत जे इरेक्टर स्नायू जातात, त्यांनी जागचं हलायचं नाही. वाकलेलं धड आहे त्या कोनात धरून ठेवायचं. आणि लॅट्स (ज्यांना आपण विंग म्हणतो), दोन फऱ्यांमधले ऱ्होम्बॉइड, ट्रॅपचा (मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला स्नायू) मधला भाग, खांद्याची मागची बाजू यांनी ओढायचं. यातलं जे आधी थकेल, ते सेटचं काय होणार हे ठरवतं. तुमच्या बाबतीत धरणारे आधी थकतात. तिसऱ्या-चौथ्या रेपपासून धड थोडं थोडं उभं होत जातं. आठव्या रेपला तुम्ही जवळजवळ उभे असता, रॉड गुडघ्याच्या आणि कंबरेच्या झटक्याने वर येतो आणि हात त्याला पोटापर्यंत पोचवतात. ही अर्धी डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलून उभं राहणं) आणि अर्धा श्रग (खांदे वर उचकणं) झाला. त्यात विंगला काम कुठून मिळणार? कंबर धरणं आणि विंगला न लागणं या तुम्हाला दोन तक्रारी वाटतात. आजार एकच आहे.

खात्री करायची असेल तर मोबाईल बाकाला टेकवून कंबरेच्या उंचीवर, अगदी बाजूने, एक सेट शूट करा. समोरून नको, समोरून काहीच कळत नाही. पहिल्या आणि शेवटच्या रेपचं चित्र थांबवून धडाचा कोन बघा.

आता ५० किलो कंबरेला एवढे जड का होतात, ते समजून घ्या, कारण ते कळलं की वजन कमी करायला लाज वाटत नाही. खांद्यापासून कंबरेच्या शेवटच्या मणक्यापर्यंतचं अंतर साधारण ४५ सेंटिमीटर धरा. धड जमिनीला समांतर असेल, तर खांद्याखाली लोंबणारा रॉड त्या मणक्यापासून आडव्या रेषेत तेवढाच लांब असतो. तो भार तोलणारे इरेक्टर मात्र मणक्याच्या मागे जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर. म्हणजे तरफेचा हिशोब साधारण एकास आठ. ५० किलोचा रॉड नुसता धरून ठेवायलाही त्या स्नायूंना सुमारे ४०० किलोचा ताण काढावा लागतो, आणि त्यात तुमच्या स्वतःच्या धडाचं, डोक्याचं, हातांचं वजन अजून धरलेलंच नाही. धड ४५ अंशांवर आणलं तर आडवं अंतर ३२ सेंटिमीटरच्या आसपास येतं आणि ताण ३०० किलोच्या खाली उतरतो. हिशोब ढोबळ आहे, माणसागणिक बदलतो, पण दोन गोष्टी त्यातून नक्की निघतात. एक, रॉड शरीरापासून जितका लांब तितका कंबरेवर बोजा, म्हणून रॉड मांडीला जवळजवळ घासत वर-खाली गेला पाहिजे. दोन, झटका दिला की हा सगळा आकडा तेवढ्या क्षणापुरता आणखी वाढतो, आणि तोही नेमका कंबर थकलेली असताना.

तर आधी उभं राहणं. एक-दोन आठवडे खालची तयारी रॉडशिवाय करा.

भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून फूटभर पुढे उभे राहा. पाय खांद्यांएवढे किंवा थोडे कमी अंतरावर. गुडघे किंचित सैल. आता खाली न बसता कुल्ले मागे ढकलून भिंतीला टेकवा. गुडघे पुढे जाता कामा नयेत, नडगी जवळपास उभीच राहिली पाहिजे. टेकले की अर्धं पाऊल पुढे सरकून पुन्हा. अंतर वाढत जाईल तसं धड आपोआप पुढे झुकतं आणि मांडीच्या मागे, गुडघ्यापासून वर, ताण येतो. तो ताण म्हणजे तुम्ही खुब्यातून वाकताय याची पावती. ताण मांडीत न येता कंबरेत आला, तर तुम्ही कंबरेतून वाकताय.

दुसरी कसोटी काठीची. घरातल्या झाडूचा दांडा चालेल. तो पाठीवर उभा धरा, एक हात मानेमागून आणि एक कंबरेमागून. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या जरा वर. असं धरून वाका. वाकताना तिन्हींपैकी एकही जागा सुटता कामा नये. माकडहाडाकडची जागा सुटली तर कंबरेला पोक आला. डोक्याकडची सुटली तर हनुवटी पुढे गेली. कंबर आणि दांडा यांत तळहात सरकेल एवढी नैसर्गिक पोकळी राहते, ती तशीच राहू द्या. मूठ जाण्याइतकी वाढली तर तुम्ही कमान जास्त काढलीत.

'पाठ सरळ ठेवा' या सूचनेचा घोळ इथेच होतो. ऐकणारा दोनपैकी एक करतो. काही जण सरळ म्हणजे उभी समजून धड वर घेतात. बाकीचे छाती बाहेर काढून कंबरेत खोल कमान करतात, कारण आरशात ते रुबाबदार दिसतं. ही दुसरी चूक पोक काढण्याइतकीच वाईट नसली, तरी कंबर धरण्याचं कारण मात्र बऱ्याचदा तीच असते: कंबरेचे स्नायू आधीच पूर्ण आवळलेले, त्यात त्यांना मिनिटभर भार धरायला सांगायचं. सरळ म्हणजे उभे असताना कण्याचा जो बाक असतो, तोच वाकल्यावरही कायम. मी शिकवताना 'सरळ' हा शब्द टाळतो, 'बाक बदलू नका' म्हणतो. आणि खालच्या बरगड्या पुढे फाकू न देता पोटाकडे राहतील हे बघतो. एवढ्याने बहुतेकांची जास्तीची कमान जागेवर येते.

श्वासाचंही तसंच. पोट आत ओढायचं नाही. नाकाने श्वास घेऊन तो पोटात, बाजूंना आणि मागे कंबरेकडेही भरायचा, मग पोट ताठ करायचं. वजन हलकं असताना खाली सोडताना श्वास घ्या, वर ओढताना सोडा, पण पोटाचा ताठरपणा सोडू नका. जड सेटमध्ये एकेका रेपसाठी श्वास धरला तरी चालतो. ब्लडप्रेशरचा त्रास असेल तर मात्र श्वास कोंडू नका.

बसून काम करणाऱ्या पुष्कळ लोकांना ४५ अंशांपर्यंतसुद्धा बाक न बदलता जाता येत नाही. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, आखडलेले असतात, आणि ते ओटीपोटाच्या हाडाला खालून धरून ठेवतात. त्यापुढे वाकायचं तर कंबरच वाकते. मग काय करायचं? गुडघे थोडे जास्त सैल करा आणि तुम्हाला जमतो तोच कोन घ्या. जमिनीला समांतर धड हा काही धर्म नाही. ज्याला ५० अंशच जमतात त्याने ५० वर रो मारावा आणि हॅमस्ट्रिंग रोज थोडे मोकळे करत राहावेत. पण धड जमिनीशी साठ अंशांच्या वर गेलं की ओढण्याची दिशा बदलते, विंगचं काम कमी होऊन ते ट्रॅपकडे सरकतं. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी ३० ते ४५ हा पट्टा बरा.

हे जमलं की रॉड हातात घ्या. आधी त्याचं वजन माहीत करून घ्या. ऑलिंपिक रॉड २० किलोचा, २.२ मीटर लांब आणि धरायच्या जागी २८ मिलिमीटर जाड असतो. स्त्रियांचा १५ किलोचा, २५ मिलिमीटरचा. पण आपल्याकडच्या गल्लीतल्या जिममध्ये बारीक साधे रॉड असतात, आणि त्यांचं वजन कोणालाच ठाऊक नसतं. तुमचे ५० किलो कोणत्या रॉडवरचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वजनकाट्यावर रॉड घेऊन उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा.

रॉड जमिनीवरून उचलताना आणखी एक भानगड. ऑलिंपिक प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. छोट्या रबरी प्लेटी लावल्या की तो घोट्याजवळ जातो, आणि उचलतानाच कंबरेला पोक येतो. म्हणजे सेट सुरू व्हायच्या आधीच निम्मं नुकसान. स्क्वॉट रॅक असेल तर रॉड मांडीच्या मध्यावर लावून तिथून घ्या. नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक प्लेट आडवी टाकून रॉड त्यावर ठेवा. कसाही घ्या, पण आधी पूर्ण उभे राहा, पोट ताठ करा, आणि मग वरून खाली वाका. खालून वर येत कोन शोधत बसू नका. सेट संपल्यावरही तसंच: आधी पूर्ण उभं राहायचं आणि मग रॉड ठेवायचा. शेवटच्या रेपनंतर वाकलेल्या अवस्थेतच रॉड टाकून देणारे लोक मी बघतो तेव्हा माझीच कंबर दुखते.

वजन तळपायाच्या मध्यावर हवं. टाचेवर पूर्ण नको, चवड्यावर तर नकोच. पळण्याचे जाड, मऊ तळाचे बूट या व्यायामाला वाईट. पुढे झुकल्यावर ते आणखी पुढे लोटतात. सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट घाला, किंवा जिममध्ये परवानगी असेल तर अनवाणी. तालमीत अनवाणी कसरत करणारे यात आपल्यापेक्षा पुढे आहेत. तालमीचा विषय निघालाच म्हणून सांगतो, जोर आणि बैठका दोन्हींत ओढण्याचं काम जवळजवळ नाही. पैलवानाची पाठ तयार होते ती दोर चढून, मलखांबावर आणि फावड्याने आखाडा उकरून. नुसते जोर काढून पाठ झाली असं सांगणाऱ्यांनी तो हौदा एकदा उकरून बघावा.

नजर कुठे? समोर आरसा असतो आणि माणूस स्वतःकडे बघतो. धड वाकलेलं आणि डोकं वर, म्हणजे मान मागे मोडलेली. नजर जमिनीवर, पायांपासून दीड-दोन मीटर पुढे. बाजूच्या आरशात मान वळवून फॉर्म तपासायचा मोह तर अजिबात नको, त्यासाठी मोबाईल आहे.

आता एक परीक्षा, जी मी प्रत्येकाला रो शिकवण्याआधी घेतो. ज्या वजनाने सेट मारायचा आहे तो रॉड हातात लोंबता ठेवून, ठरलेल्या कोनात, ३० सेकंद नुसतं उभं राहायचं. ओढायचं नाही. कोन बदलला, कंबर थरथरली, वजन चवड्यावर आलं, तर ते वजन तुमचं नाही. दहा रेपचा सेट तीसेक सेकंदांचाच असतो. तेवढा वेळ जे नुसतं धरता येत नाही, ते धरून वर ओढणार कसं? ५० किलोवर ही परीक्षा तुम्ही बहुधा नापास व्हाल. ३० किलोवर करून बघा.

ओढण्याकडे येऊ. पकड खांद्यांपेक्षा थोडी रुंद, म्हणजे समोरून बघितलं तर हात उभे किंवा अगदी थोडे बाहेर झुकलेले. मनगट सरळ. रॉड बोटांच्या मुळाशी, आकड्यात अडकवल्यासारखा. तळहाताच्या मध्यात घेऊन घट्ट आवळला की मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू आधी पेटतात आणि मेंदू 'हाताने ओढ' असं समजतो. तुमची दंड-मनगटांची तक्रार इथली आहे. बऱ्याच जणांना मी सांगतो की रॉड विसरा, कोपर छताकडे न्या. कोपर वर गेला की रॉड येतोच. शेवटच्या दोन-तीन इंचांत मनगट आत वळवून रॉड पोटाला लावायची खोड असेल तर ती मोडा. तिथे पाठ थांबलेली असते आणि फक्त फोरआर्म रॉड खेचत असतो.

कोपर कुठे जातो त्यावर कोणाला काम मिळतं ते ठरतं. लॅट हा स्नायू पाठीच्या खालच्या अर्ध्या भागातून, कंबरेच्या जाड पडद्यातून आणि ओटीपोटाच्या हाडाच्या कडेवरून निघतो आणि काखेखालून जाऊन दंडाच्या हाडाला पुढच्या बाजूने चिकटतो. म्हणजे त्याचं काम दंडाचं हाड खाली, मागे आणि शरीराजवळ आणण्याचं. म्हणून कोपर बरगड्यांजवळून, धडाशी ३०-४० अंशांत ठेवून, रॉड बेंबीच्या आसपास आणला की विंगला लागतं. कोपर ७०-८० अंश बाहेर काढून रॉड छातीच्या खालच्या भागाला आणला, तर काम खांद्याच्या मागच्या भागाकडे, ऱ्होम्बॉइड आणि ट्रॅपकडे जातं. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती एकाची अपेक्षा ठेवून दुसरं करण्यात. तुम्हाला विंग हवी आहे, तर रॉडचा रस्ता सरळ वर नसून वर आणि किंचित मागे, बेंबीकडे. तसा तो शरीराजवळही राहतो आणि वरचा तरफेचा हिशोबही तुमच्या बाजूने लागतो.

फऱ्यांचं काय? खूप ठिकाणी सांगतात की फरे पूर्ण वेळ मागे आवळून ठेवा. मला ते पटत नाही. आवळून ठेवले तर ऱ्होम्बॉइड आणि ट्रॅप नुसते धरून बसतात, त्यांची हालचालच होत नाही. खाली रॉड सोडताना फरे बरगड्यांवरून पुढे सरकू द्या, पाठीची वरची बाजू ताणली जाऊ द्या, पण खांदे लटकवून टाकू नका आणि छाती खचवू नका. वर ओढताना कोपर निघायच्या बरोबरीनेच फरे मागे येतात. वर अर्धा सेकंद थांबा. थांबता येत नसेल तर रॉड वर आणलेला नसून फेकलेला आहे. खाली सोडायला दोन सेकंद. इथेच खरी मेहनत आहे, आणि घाईत सेट मारणारे लोक नेमकी हीच टाकून देतात.

वर रॉड पोटाला टेकलाच पाहिजे का? हाताची लांबी, छातीची जाडी, पोटाचा घेर यावर ते आहे. कोपर धडाच्या रेषेच्या थोडा वर गेला म्हणजे पुरे. पोट खाली आणून रॉडला भेटवणं हा मात्र निव्वळ पळपुटेपणा, आणि व्हिडिओत तो चटकन दिसतो.

आता तुमच्या तीन प्रश्नांकडे.

पकड. सुलटी, म्हणजे तळहात शरीराकडे, यानेच सुरुवात करा. उलट्या पकडीत कोपर आपोआप शरीराजवळ राहतात, त्यामुळे काहींना विंग पटकन जाणवते, हे खरं. पण तळहात पुढे वळवलेला आणि कोपर सरळ होत असताना बायसेप्सवर, विशेषतः त्याच्या कोपराजवळच्या टोकावर, भार जास्त येतो. या पकडीचा सगळ्यांत प्रसिद्ध पुरस्कर्ता इंग्लंडचा डोरियन येट्स, १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया ही शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकलेला. धड बरंच उभं ठेवून, उलट्या पकडीने तो रो मारायचा, आणि त्याच्याच नावाने तो प्रकार ओळखला जातो. १९९४ मध्ये त्याच रोमध्ये त्याचा डावा बायसेप्स फाटला. त्याची वजनं आपली नव्हेत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण ज्याला आधीच दंडात थकवा येतो त्याने ही पकड मुख्य करू नये. कधीतरी हलक्या वजनावर, बदल म्हणून, ठीक.

जमिनीवरून प्रत्येक रेप सुरू करण्याचाही एक प्रकार आहे, अमेरिकन वेटलिफ्टिंग प्रशिक्षक ग्लेन पेंडले यांच्या नावाचा. धड जमिनीला समांतर, रॉड दर रेपला जमिनीवर पूर्ण टेकवायचा, तिथून जोरात ओढायचा. मध्ये रॉड टेकत असल्याने कंबरेला क्षणभर उसंत मिळते, आणि झोके घेता येत नाहीत. उत्तम प्रकार आहे, पण हॅमस्ट्रिंग मोकळे आणि प्लेटी पूर्ण मापाच्या हव्यात. तुमच्याकडे बहुधा सध्या दोन्ही नसेल.

मनगटं खरोखरच आधी सुटत असतील तर शेवटच्या दोन सेटला स्ट्रॅप (मनगट रॉडला बांधायची पट्टी) लावायला काही हरकत नाही. स्ट्रॅप लावणं म्हणजे फसवणूक असं मानणारे लोक असतात. त्यांना पाठ बनवायची आहे की पकड, ते त्यांनी ठरवावं. सुरुवातीचे सेट मात्र उघड्या हाताने.

बेल्ट. बेल्ट कंबरेला धरत नाही. तो पोटाला ढकलायला एक भिंत देतो. तुम्ही श्वास भरून पोट त्यावर दाबलंत तर आतला दाब वाढतो आणि कणा घट्ट होतो. ज्याला पोट ताठ करता येत नाही त्याच्यासाठी तो फक्त चामड्याचा पट्टा आहे. ३०-४० किलोच्या रोला बेल्ट लावू नका. शिवाय वाकल्यावर रुंद बेल्ट बरगडी आणि खुब्याच्या मध्ये रुतून कोनच बिघडवतो.

मशीन. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी रोच्या तीन प्रकारांची तुलना केली होती, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. वाकून मारायचा रो, खाली आडवं पडून स्वतःला रॉडकडे ओढायचा उलटा रो, आणि उभं राहून एका हाताने मशीनची केबल ओढायचा रो. कंबरेच्या मणक्यांवर सर्वांत जास्त भार वाकून मारायच्या रोमध्ये आला, आणि सर्वांत कमी उलट्या रोमध्ये. उलट्या रोमध्ये विंग्ज मात्र चांगल्याच कामाला लागल्या होत्या. याचा अर्थ बारबेल रो वाईट असा नाही. कणा ताठ धरून भार पेलायची ताकद हवी असेल तर तो भार हाच फायदा आहे; घरात गॅसचा सिलिंडर सरकवताना तीच ताकद उपयोगी पडते. पण फक्त विंग हवी असेल, किंवा कंबर आधीच कुरकुरत असेल, तर उलटा रो, बाकाला छाती टेकवून डंबेल रो किंवा छातीचा टेकू असलेली मशीन हे कमी दर्जाचे व्यायाम नव्हेत. मी स्वतः तुम्हाला दोन्ही एकत्र करायला सांगेन.

असं करा. पुढचे सहा आठवडे आठवड्यातून एकदा बारबेल रो, २० ते ३० किलोपासून, आठ-आठचे तीन सेट, आधी ३० सेकंदांची ती परीक्षा. तिन्ही सेटमध्ये व्हिडिओत कोन दहा अंशांपेक्षा जास्त बदलला नाही, तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, म्हणजे बाजूला सव्वा-सव्वा किलोची प्लेट. त्या प्लेटी जिममध्ये नसतील तर वजन न वाढवता रेप दहापर्यंत न्या. त्याच दिवशी नंतर, किंवा आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी, छाती टेकवून रो, दहा-बाराचे तीन सेट. इथे कंबरेची चिंता नसल्याने विंग पूर्ण थकेपर्यंत मारा. विंग कशी जाणवते हे तुम्हाला पहिल्यांदा इथेच कळेल, आणि मग ती जाणीव बारबेलवर नेता येते.

पहाटे जिमला जात असाल तर एक गोष्ट नक्की पाळा. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण त्यांना जास्त जातो. साडेपाचला उठून सहाला वाकून रो मारणाऱ्याची कंबर धरली तर नवल नाही. तो दिवस रोचा असेल तर आधी चालणं, खांदे-पुलडाउन वगैरे उरकून घ्या आणि रो शेवटाकडे ठेवा, किंवा सरळ संध्याकाळी मारा.

कंबरेची दोन दिवसांत जाणारी, दोन्ही बाजूंना सारखी असलेली जडता म्हणजे थकलेले स्नायू. कुल्ल्यातून पायात उतरणारी कळ, पायाला मुंग्या, एका बाजूला टोचणारं दुखणं, खोकला-शिंकेला वाढणारी वेदना, यांतलं काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. त्यात फॉर्मचा प्रश्न उरत नाही. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरता आली तर वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

डेडलिफ्ट करत असाल, ते तुम्ही लिहिलेलं नाही, तर बारबेल रो तिच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नका. मध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या. दोन्ही एकाच दिवशी घ्यायची वेळ आली तर आधी डेडलिफ्ट, आणि रो त्या दिवशी छाती टेकवून.